ऑर्किडं वाढली, गॅलरी तेवढीच: दर पावसाळ्यात येणारी कूज कशी शोधायची

आधी लक्षणं. (फॅलेनॉप्सिस, डेंड्रोबियम, व्हॅन्डा ही ऑर्किडांच्याच प्रकारांची नावं.)

फॅलेनॉप्सिसचं खालचं पान सुरकुततं आणि ओल्या पापडासारखं लोंबतं. कुंडीत बोट घातलं तर ओल आहे, तरी झाड चार दिवसांचं तहानलेलं दिसतं. दुसऱ्या झाडाच्या पानावर पाण्यानं भरल्यासारखा डाग येतो. आज रुपयाएवढा, परवा चार बोटं, आणि नाक जवळ नेलं तर गटाराचा वास. मधला नवा कोंब काळा पडतो, धरून ओढला की अलगद हातात येतो. डेंड्रोबियमच्या कळ्या वाटाण्याएवढ्या होऊन गळतात. मुळांची हिरवी टोकं सकाळी कुरतडलेली सापडतात. किंवा यातलं काहीच नाही, पानं हिरवीगार, झाड तब्येतीत, पण दोन वर्षं फूल नाही.

यातलं एखादं लक्षण एखाद्याच झाडावर दिसत असेल तर तेवढं झाड बाजूला काढा, काम भागेल. पण मृग लागला की दर वर्षी तेच, मागच्या वर्षी दोन कुंड्या आणि यंदा सात, औषध मारलं की पंधरा दिवस शांत आणि तरण्या पावसात पुन्हा सुरू, असं होत असेल तर पुढचं सगळं वाचा.

मी बेळगावात शहापूरला राहते. तिसरा मजला, गॅलरी साडेनऊ फूट लांब, साडेतीन फूट रुंद, तोंड पश्चिमेला. पहिल्या वर्षी सहा कुंड्या होत्या. एकही झाड गेलं नाही आणि मला वाटलं, आपल्या हाताला गुण आहे. चौथ्या वर्षी चौसष्ट झाल्या. त्या पावसाळ्यात अठरा झाडं गेली, तेव्हा कळलं की गुण सहा कुंड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेचा होता. त्यानंतर टिळकवाडी, वडगाव, खानापूर, निपाणी आणि हद्दीपलीकडे चंदगड इथल्या ओळखीच्यांच्या गॅलऱ्या मी निस्तरल्या. बुरशी वेगवेगळी, कीड वेगवेगळी, पण मूळ दोष बहुतेक ठिकाणी दाटीचा. म्हणून औषधाची बाटली शेवटी. मी ज्या क्रमानं तपासते त्याच क्रमानं सांगते. पहिल्या तपासण्यांना पैसा लागत नाही आणि निम्म्याहून जास्त घरांत तिथेच उत्तर सापडतं.

पहिली तपासणी: प्लास्टिकचा पडदा

आपल्याकडे पश्चिमेच्या गॅलरीत पावसाची झड थेट आत येते. मग मृगाच्या आधी वरपासून खालपर्यंत प्लास्टिक नाहीतर ताडपत्री बांधायची, ही बेळगावची जुनी रीत. माणसांसाठी ठीक आहे. ऑर्किडांसाठी तो डबा होतो, आणि झाकण लावलेला डबा. आतली हवा हलत नाही, पानावरचा थेंब दुपारपर्यंत सुकत नाही, आणि बुरशीच्या बीजाला नेमकं तेवढंच हवं असतं: काही तास टिकलेली ओल.

कॅलेंडर घ्या आणि पडदा कधी बांधला ते आठवा. पहिला डाग त्यानंतर दहा-पंधरा दिवसांत आला असेल तर चोर सापडला. पडदा वरून एक फूट आणि खालून एक फूट उघडा ठेवा. खालून गार हवा येते, वरून दमट हवा बाहेर जाते. थोडे शिंतोडे येतील, येऊ देत. झाडं झाडावर वाढणारी आहेत, पावसाला घाबरत नाहीत. साचलेल्या हवेला घाबरतात.

दुसरी: कोण कोणाला टेकलंय

गॅलरीच्या एका टोकाला उभ्या राहा आणि फक्त पानं बघा. एका झाडाचं पान दुसऱ्याच्या पानाला टेकतंय का? दोन कुंड्यांमध्ये आपली चार बोटं बसतात का? बसत नसतील तर त्या दोन कुंड्या रोगाच्या हिशेबानं एकच कुंडी आहेत. पानाला पान चिकटलं की मधे पाणी अडकतं, आणि पिठ्या ढेकूण नावाच्या किडीला चालत पलीकडे जायला पूल मिळतो.

आता वर बघा. टिळकवाडीतल्या एका काकूंकडे तीन पायऱ्यांचं स्टँड होतं. दोन वर्षं त्या बुरशीनाशक मारत होत्या. मी गेले तेव्हा मला डागांपेक्षा डागांची ओळ आधी दिसली. मधल्या पायरीवरची चारच फॅलेनॉप्सिस खराब, अगदी ओळीनं, आणि त्यांच्या बरोबर डोक्यावर व्हॅन्डाच्या टोपल्या. व्हॅन्डाची मुळं उघडी लोंबतात, तिला उन्हाळ्यात रोज पाणी लागतं. काकू रोज घालत होत्या, आणि ते पाणी थेंबथेंब खालच्या फॅलेनॉप्सिसच्या मधल्या कोंबात पडत होतं. फॅलेनॉप्सिसला कांदा नसतो, एकच कोंब असतो, त्यात रात्रभर पाणी राहिलं की झाड संपलं. व्हॅन्डा टोकाला सरकवली, खाली रिकामी बादली ठेवली. औषध बंद. पुढच्या पावसाळ्यात एकही कोंब गेला नाही.

तेव्हापासून माझा नियम असा की टांगलेल्या झाडाखाली झाड नको, आणि नाइलाज असेल तर वर-खाली एकाच पाणीमानाची झाडं. फॅलेनॉप्सिस थोडी तिरकी टांगली तर फार बरं. झाडावर ती तशीच, पानं खाली झुकवून वाढते. कुंडीत ताठ बसवणं ही आपली हौस.

तिसरी: पाणी किती यापेक्षा पाणी कधी

निपाणीहून भाच्याचा फोन येतो: "मावशी, रोज पाणी घालूलालोय की, तरी पानं सुकूलाल्यात!" घालूलालास म्हणूनच सुकूलाल्यात, बाळा.

हे नीट समजून घ्या, कारण इथेच सगळ्यात जास्त झाडं मरतात. ऑर्किडच्या मुळावर स्पंजासारखा पांढरट थर असतो. तो पाणी झटकन पितो आणि मग त्याला हवा लागते. सतत ओला राहिला की तो कुजतो. मूळ कुजलं की पाणी वर जात नाही, पान सुरकुततं, आपल्याला वाटतं झाड तहानलंय, आपण आणखी पाणी घालतो. तहानलेलं झाड आणि बुडालेलं झाड वरून सारखंच दिसतं. फरक फक्त मुळाशी दिसतो.

त्यासाठी देवघरातली उदबत्तीची जळून उरलेली काडी घ्या. कुंडीत मधोमध तीन बोटं खोल खोचा, दहा मिनिटांनी काढा. काडी गडद आणि गार लागली तर पाणी नको. पारदर्शक कुंडी असेल तर मुळांचा रंग बघा: हिरवी म्हणजे पोट भरलंय, रुपेरी म्हणजे आता चालेल. आषाढात माझ्या फॅलेनॉप्सिसना कधीकधी दहा दिवस पाणी लागत नाही. चैत्रात तिसऱ्या दिवशी लागतं. "आठवड्यातून दोनदा" हा सल्ला आपल्या हवेत वर्षातले चार महिनेसुद्धा खरा ठरत नाही.

आणि वेळ. ज्या भागात नळाला दोन-चार दिवसांआड पाणी येतं तिथे पाणी आलं की पिंपं भरायची आणि उरलेलं झाडांना, असा क्रम असतो. ते संध्याकाळी आलं तर झाडांना रात्रीची आंघोळ. पाणी सकाळी नऊच्या आत. कोंबात साचलेलं टिशूच्या टोकानं टिपून घ्या. वैशाखातल्या वळवाचंही तसंच: तासाभराचा धो धो पाऊस, दुसऱ्या दिवशी पुन्हा कडक ऊन. कोंबात अडकलेलं पाणी त्या उन्हात तापतं. वळीव झाला की कुंड्या एकदा तिरक्या करून झटकाव्यात.

चौथी: हाताची सावली

फूल नसल्याची तक्रार बहुतेक वेळा इथे सुटते. दुपारी बाराच्या सुमारास पानाच्या वर फूटभर हात धरा. सावलीची कड अस्पष्ट असेल तर फॅलेनॉप्सिसला पुरेसं. सावली ठळक, बोटं मोजता येतात, तर ती जागा डेंड्रोबियम आणि व्हॅन्डाची. सावलीच नाही तर तिथे पानं वाढतील, फूल येणार नाही. दाटीत मागची रांग नेमकी अशीच अंधारात जाते. पानाचा रंगही सांगतो: गर्द काळपट हिरवा म्हणजे उजेड कमी, पोपटी हिरवा म्हणजे ठीक, लालसर झाक म्हणजे जरा जास्त.

पश्चिमेच्या उन्हानं भाजल्याचा डाग आणि कुजेचा डाग यात घोळ होतो. भाजल्याचा डाग कोरडा, फिक्या तपकिरी रंगाचा असतो आणि वाढत नाही. स्केचपेननं डागाच्या कडेला रेघ ओढा. तीन दिवसांनी डाग रेघेच्या आतच असेल तर तो उन्हाचा, पान तसंच राहू द्या. रेघ ओलांडली तर कूज.

फॅलेनॉप्सिसच्या बाबतीत आणखी एक. दांडा निघायला तिला काही आठवडे दिवसाही पंचवीस अंशांच्या आसपास किंवा खाली तापमान लागतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे, कार्तिक-मार्गशीर्षातला आपला गारवा त्यासाठी कामाला येतो. थंडी बाधेल म्हणून झाडं आत हॉलमध्ये नेऊन ठेवणाऱ्यांची फुलं तिथेच हुकतात.

कळ्या गळत असतील तर घरात आंब्याची अढी कुठे घातली आहे ते बघा. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू निघतो आणि कळ्या त्यानं गळतात. माझ्या एका डेंड्रोबियमचे दोन हंगाम पलंगाखालच्या हापूसनं खाल्ले. केळीच्या घडाचंही तेच.

पाचवी: रात्री नऊनंतर बॅटरी

मुळांची टोकं कुरतडली जात असतील तर दिवसा काही दिसणार नाही. रात्री कुंडीच्या तळाची भोकं, कडेची खाच, टोपलीची खालची बाजू बघा. गोगलगायी आणि शेंबड्या (बिनशंखाच्या गोगलगायी) तिथेच बसतात. काकडीच्या चकत्या रात्री ठेवा, पहाटे त्यांच्याखाली गोळा झालेल्या उचला, आठवडाभर रोज. दुकानात गोगलगायीच्या विषारी गोळ्या मिळतात. घरात कुत्रं, मांजर किंवा रांगतं मूल असेल तर त्या आणूच नका.

पिठ्या ढेकूण पानाच्या बेचक्यात कापसासारखा दिसतो. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून टिपा, आठवड्यानं पुन्हा, त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. अंडी एकदम मरत नाहीत, म्हणून तीनदा. जास्त असेल तर लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे दोन-तीन थेंब, ऊन उतरल्यावर फवारायचं. पाणी सकाळी आणि हे संध्याकाळी असं का? तेल अंगावर असताना ऊन लागलं की पान भाजतं. फवारल्यानंतर मात्र कोंब टिपायला विसरू नका.

आता थोडा खर्च: पाण्याचा क्षार

कुंडीच्या कडेला, पानांवर, मुळांवर पांढरी पुटं दिसतात का? बोअरचं पाणी असलेल्या घरांत हमखास दिसतात. पाण्यात विरघळलेला क्षार मोजणारा टीडीएस मीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो, चार घरांत मिळून एक घ्या. दोनशेच्या आत असेल तर निश्चिंत. पाचशेच्या वर असेल तर मुळांची टोकं जळतात आणि ती लक्षणंही कुजेसारखीच दिसतात. फिल्टरमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी फुकट आहे म्हणून झाडांना घालणारे मी पाहिलेत. सगळा क्षार त्यातच असतो, त्यानं फरशी पुसा. मिठानं जड पाणी मऊ करणारं यंत्र असेल तर तेही पाणी नको.

आपल्याकडे उपाय आभाळातून पडतो. गच्चीच्या पन्हळीखाली पिंप ठेवा, पहिल्या दोन सरी वाहून जाऊ द्या, मग भरा, वर मच्छरांसाठी जाळी बांधा. पावसाळ्यात भरलेली दोन पिंपं मला दिवाळीच्या पुढेपर्यंत पुरतात.

खताबद्दल एवढंच: १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) पाण्यात विरघळणारं, लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्याला एकदा, आणि महिन्यातून एकदा नुसत्या पाण्यानं कुंडी धुऊन काढायची. कुजलेल्या मुळाच्या झाडाला खत म्हणजे आजारी माणसाला बासुंदी.

सहावी: कुंडीच्या पोटात काय आहे

इथून पुढे अर्धा दिवस जातो आणि हात मळतात. आधी सोपं: शोभेच्या बंद कुंडीत आतली कुंडी ठेवली असेल तर बाहेरची काढून टाका. खाली बशी असेल तर तीही.

मग झाड उपसून बघा. नर्सरीतून आलेल्या फॅलेनॉप्सिसच्या मधोमध शेवाळाचा (स्फॅग्नम मॉसचा) घट्ट गोळा असतो. वरून नारळाच्या सालीचे तुकडे छान कोरडे दिसतात आणि पोटात तो गोळा पंधरा दिवस ओला. आपल्या पावसाळ्यात हा गोळा म्हणजे ठरलेला मृत्यू. मुळं बोटांत धरून हलकं दाबा. घट्ट असेल तर रंग कसाही असो, ठेवा. सालपट निसटून आत नुसता दोरा उरला तर ते मूळ मेलंय, कापा.

कात्री वापरू नका, दाढीचं पातं वापरा, आणि एका झाडाला एक पातं. मी पूर्वी एकच पातं पुसून पुसून वापरायची. त्या काटकसरीत एका दिवसात पाच झाडांना रोग मीच लावला.

पानावरची कूज कापताना डागाच्या पलीकडे बोटभर निरोगी भाग घेऊन कापा. डागाच्या कडेपर्यंतच कापलं तर जिवाणू आत राहतो आणि दोन दिवसांत पुन्हा तेच. कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावा. मुळांना मात्र दालचिनी लावू नका, ती मुळं सुकवते.

भरण काय घालायचं? इस्त्रीवाल्याकडचा लाकडी कोळसा, नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि खानापूरच्या कौलांचे फुटके तुकडे, सगळं साधारण अंगठ्याच्या पेराएवढं. सोडणातला क्षार जावा म्हणून ते दोन दिवस भिजवून तीनदा पाणी बदला. पावसाळी भरणात कोळसा आणि कौल जास्त, सोडण कमी. कुंडी खानापूरच्या कुंभाराकडून बाजूलाही भोकं पाडून घेता आली तर प्लास्टिकपेक्षा किती तरी लवकर सुकते. कुंडी लहान घ्या, मुळं कशीबशी मावतील एवढीच. मोठ्या कुंडीत मुळं पोहोचत नाहीत तिथली ओल तशीच राहते. त्यात जागाही वाचते, जी आपल्याकडे नाहीच.

कुंडी बदलल्यावर पाच-सहा दिवस पाणी नाही. जखमा सुकू द्या. हे सगळं काम फाल्गुन ते वैशाख करायचं, नवी मुळं फुटायच्या बेताला. कूज लागलेलं झाड मात्र मुहूर्त बघत नाही, ते आषाढातही उपसावं लागतं.

सातवी: पंखा

पडदा उघडला, कुंड्या सरकवल्या, तरी हवा मंद असेल तर लहान पंखा. झाडावर रोखायचा नाही, भिंतीवर रोखायचा, म्हणजे हवा वळसा घेऊन फिरते. पान जेमतेम डुललं पाहिजे. पावसाळ्यात माझा रात्रीही चालू असतो. पंख्याच्या वायरिंगबद्दल शेवटी बोलते.

आठवी, आणि ही अवघड आहे

मोजा. नुसती कुंड्यांची संख्या नाही. चार बोटांचं अंतर ठेवून तुमच्या जागेत किती बसतात ते मोजा. माझ्या गॅलरीत एकेरी मांडणी आणि एक टांगती दांडी धरून अडतीस बसतात. चौसष्ट होत्या. सव्वीसांचं काय करायचं, यावर मी एक अख्खं वर्ष विचार केला आणि त्या वर्षी पावसानं तो प्रश्न आपल्या पद्धतीनं सोडवायला घेतला.

ऑर्किडं वाढतात ती तीन वाटांनी. एक, बाजारातली फुललेली दिसली की हात जातो. दोन, कोणीतरी देतं. तीन, पिल्लं. डेंड्रोबियमच्या जुन्या कांडीवर पिल्लू आलं, त्याला दोन-दोन इंचांची दोन-तीन मुळं फुटली की आपण काढतो आणि लावतो, कारण टाकवत नाही. मी आता पिल्लू आईवरच राहू देते. एकाच कुंडीत ते फुलतं, जागा मागत नाही. विकत आणलेलं कोणतंही झाड महिनाभर जिन्यात वेगळं. आणि एक आलं तर एक जातं.

कोणतं द्यायचं? एकाच रंगाची दोन असतील तर एक. तीन वर्षांत न फुललेलं, उजेड भरपूर असलेल्या घरी. गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवाचं वाण म्हणून मी अकरा डेंड्रोबियम वाटली. शेजारच्या वैनींनी आधी विचारलं, "हे बांडगूळ ना हो?" बांडगूळ झाडाचा रस शोषतं, ऑर्किड नुसतं झाडाला धरून बसतं, हे समजावण्यात माझा अर्धा तिळगूळ संपला. आता त्यांच्याच झाडाला माझ्यापेक्षा जास्त फुलं येतात. रोगट झाड मात्र कुणाला देऊ नका, वाण म्हणून तर नाहीच.

जाता जाता, जांबोटी-कणकुंबीकडे सहलीला गेल्यावर पडलेल्या फांदीवरची सीतेची वेणी, म्हणजे रानातलं ऑर्किड, उचलून आणणारे आहेत. त्याच बाजूचं भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे आणि अभयारण्यातलं झाडझुडूप आणणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. कायदा सोडा, रानातलं ते झाड आपल्या दाट गॅलरीत सहसा तगत नाही, आणि येताना सोबत गोगलगायी आणतं.

इथे थांबा

काही गोष्टी मी करत नाही, तुम्हीही करू नका.

पानांवर तुटक फिकट रेघा, खोलगट काळपट खुणा, फुलांच्या रंगात पट्टे तुटलेले, आणि हे प्रत्येक नव्या पानावर पुन्हा, तर विषाणूचा संशय घ्या. ऑर्किडांत सिंबिडियम मोझॅक आणि ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट हे दोन जास्त आढळतात, आणि दोन्हींवर औषध नाही. झाड लगेच वेगळं करा. किमती संग्रह असेल तर कृषी विज्ञान केंद्रात किंवा गोकाकजवळच्या अरभावीच्या उद्यानविद्या महाविद्यालयात रोगतज्ज्ञांना दाखवा. पान कागदात गुंडाळून न्या, प्लास्टिकमध्ये वाटेतच कुजतं. विषाणू ठरला तर पिशवीत बांधून कचऱ्यात. कंपोस्टमध्ये नाही.

पातं, कापणी, अंतर, पडदा, सगळं करूनही पंधरा दिवसांत तीनपेक्षा जास्त झाडं जात असतील तरीही या रोगतज्ज्ञांकडेच जा. शेतातलं औषध घरी आणून अंदाजानं फवारू नका. अथणीकडच्या द्राक्षबागेत चालणारं ताम्रयुक्त बुरशीनाशक डेंड्रोबियमची कोवळी पानं जाळतं. आणि बंद गॅलरीत ते आपल्याच नाकातोंडात जातं.

गॅलरीत पंखा लावायचा तर ओल्या जागी एक्स्टेन्शन बोर्ड लोंबकळत ठेवू नका. इलेक्ट्रिशियनला बोलवा, अर्थिंग आणि गळती झाली की वीज तोडणारा स्विच बसवून घ्या. पाणी घालताना पंखा बंद, प्लग बाहेर.

टांगती दांडी भिंतीत स्वतः ठोकू नका. कौलाचे तुकडे भरलेली ओली कुंडी उचलून बघा म्हणजे कळेल, अशा पंधरा एका दांडीवर असतात आणि आर्द्रेचं वारं त्यांना झोके देतं. फॅब्रिकेटरकडून बसवून घ्या, आणि बसवल्यावर झाडं टांगण्याआधी तो स्वतः दांडीला लोंबकळून दाखवतो का ते बघा. माझा लोंबकळला होता. रेलिंगच्या बाहेरच्या बाजूला काहीही नको, खाली माणसं चालतात.

गॅलरीच्या स्लॅबला खालून तडा किंवा ओलीचा डाग दिसला, गज उघडे पडले, तर झाडांचा विषय तिथेच संपवा. सगळ्या कुंड्या त्याच दिवशी आत घ्या आणि इंजिनिअरला दाखवा.